रिपोर्ट नॉर्मल, पण रक्त काढले किती वाजता?

छातीत कळ आली की घरातल्या मंडळींची एकच घाई असते. ‘डॉक्टर, रक्त तपासा आणि काय ते एकदा सांगून टाका.’ रक्ताच्या तपासणीवर आपल्या लोकांचा मोठा विश्वास आहे, आणि तो अनाठायी नाही. मधुमेह, कावीळ, मलेरिया, अंगातले रक्त कमी असणे, हे सारे रक्तातून कळते. मग हृदयविकाराचा झटका का कळू नये? कळतो, निश्चित कळतो. पण साखर तपासणे आणि झटका तपासणे यांत एक मोठा फरक आहे. साखर त्या क्षणी जेवढी असेल तेवढी दिसते. झटक्याची खूण मात्र रक्तात उतरायला काही तास लागतात. हा फरक ध्यानात न आल्याने अनेक रुग्ण ‘रिपोर्ट नॉर्मल’ असा कागद खिशात घालून घरी जातात आणि पुढे जिवावर बेतते. म्हणून आज या तपासणीविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

पोते फाटले की धान्य सांडते

हृदय म्हणजे अखंड काम करणारा स्नायू. त्याला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीत गुठळी अडकली की पलीकडच्या भागाला प्राणवायू मिळेनासा होतो. रक्तपुरवठा पूर्ण बंद झाला तर साधारण वीस ते तीस मिनिटांत पेशी मरायला सुरुवात होते आणि पुढच्या काही तासांत तो भाग हळूहळू निकामी होत जातो.

प्रत्येक पेशीत विकरे असतात. इंग्रजीत त्यांना एन्झाइम म्हणतात. पेशीतल्या रासायनिक क्रिया झपाट्याने घडवून आणणे हे त्यांचे काम. पेशी जिवंत आहे तोवर ही विकरे आतच राहतात. पेशी मेली, तिचे आवरण फाटले, की पोते फाटून धान्य सांडावे तशी ती बाहेर पडतात आणि रक्तात मिसळतात. रक्तात त्यांचे प्रमाण एकाएकी वाढलेले दिसले तर कोठेतरी पोते फाटले आहे, असा निष्कर्ष काढता येतो. सारी तपासणी या साध्या तत्त्वावर उभी आहे.

हे तत्त्व प्रथम हृदयविकारासाठी वापरले गेले ते १९५४ साली. न्यूयॉर्कच्या लाड्यू, व्रोब्लेव्हस्की आणि कार्मेन या तिघांनी ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवून दिले की झटका आलेल्या रुग्णाच्या रक्तात एसजीओटी नावाचे विकर वाढते. त्यापूर्वी डॉक्टरांना रुग्णाची हकीकत आणि कार्डिओग्राम यांवरच मुख्यतः विसंबावे लागे. पुढे एलडीएच आले, १९६० नंतर सीपीके आले. सीपीके हे हातापायांच्या स्नायूंतही भरपूर असते. त्याचा एमबी नावाचा उपप्रकार मात्र हृदयात बराच जास्त असतो, म्हणून सीपीके-एमबी ही तपासणी अनेक वर्षे सर्वांत भरवशाची मानली गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या निकषांप्रमाणे हकीकत, कार्डिओग्राम आणि विकरे या तीन साक्षीदारांपैकी दोन जुळले की झटक्याचे निदान पक्के धरीत.

मोजतात ते काम

रक्तातले विकर इतके सूक्ष्म प्रमाणात असते की ते वजन करून मोजणे अवघड. मग प्रयोगशाळेत एक युक्ती करतात. शेतात किती बाया खुरपायला आल्या हे दुरून मोजता येत नसेल तर तासाभरात किती सऱ्या खुरपून झाल्या ते पाहावे, त्यावरून अंदाज येतो. तसेच येथे आहे. रक्ताच्या द्रवात त्या विकराला लागणारे खाद्य घालतात आणि ते किती वेगाने संपते किंवा त्यापासून नवा पदार्थ किती वेगाने तयार होतो, ते पाहतात. त्या पदार्थाने ३४० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला, हे यंत्र दर मिनिटाला टिपते. जितका बदल वेगाने, तितके विकर जास्त. रिपोर्टवर जे ‘युनिट’ लिहिलेले असतात ते या कामाच्या वेगाचे आकडे असतात.

आता खुरपणाऱ्या बाया भर उन्हात आणि सकाळच्या गारव्यात सारखे काम करत नाहीत. विकरांचेही तसेच. तापमान बदलले की त्यांचा वेग बदलतो, वापरलेले रसायन बदलले की आकडा बदलतो. म्हणून एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी ताडून ‘कालच्यापेक्षा वाढले’ किंवा ‘उतरले’ असे घरच्या घरी ठरवू नये. त्याच कागदावर शेजारी छापलेली सामान्य मर्यादा पाहावी, आणि दोन नमुने तुलनेसाठी हवे असतील तर शक्यतो एकाच लॅबमध्ये द्यावेत.

साक्षीदार उशिरा येतो

आता मुख्य मुद्दा. छातीत दुखू लागल्यापासून सीपीके-एमबी रक्तात वाढलेले दिसायला साधारण चार ते सहा तास लागतात. ते सुमारे एका दिवसात शिखर गाठते आणि दोन-तीन दिवसांत पूर्वपदावर येते. एसजीओटी त्याहून उशिरा वाढते. एलडीएच तर दुसऱ्या दिवशी जोर धरते आणि आठवडाभर रेंगाळते.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. पंचावन्न वर्षांचे किराणा दुकानदार आहेत. रात्री अकरा वाजता जेवणानंतर छातीवर दगड ठेवल्यासारखे झाले, घाम फुटला. ओवा खाल्ला, सोडा घेतला. बारा वाजता डॉक्टरांकडे नेले. कार्डिओग्राममध्ये ठळक बदल नव्हता. साडेबाराला रक्त काढले, एकच्या सुमारास कागद हातात पडला. सर्व काही नॉर्मल. मंडळी निश्चिंत झाली. ‘गॅसेसच होते’ म्हणत घरी गेली.

या रिपोर्टमध्ये खोटे काहीच नाही. लॅबने बरोबर मोजले. पण दुखणे सुरू झाल्यापासून रक्त काढेपर्यंत दीड तास झाला होता. विकरे त्या वेळी रक्तात दिसण्याइतकी सांडलेलीच नव्हती. ती दिसणार होती पहाटे तीन-चारनंतर, आणि तेव्हा रुग्ण आपल्या घरी अंथरुणावर असणार. त्या कागदाचा खरा अर्थ ‘झटका नाही’ असा नाही. ‘अजून सांगता येत नाही’ एवढाच त्याचा अर्थ.

उलट टोकालाही असेच घडते. एखादे गृहस्थ चार दिवस दुखणे अंगावर काढतात आणि पाचव्या दिवशी येतात. त्या वेळी सीपीके-एमबी वाढून पुन्हा खाली आलेले असते. रिपोर्ट नॉर्मल, आणि हृदयाचा एक भाग मात्र कायमचा गेलेला. म्हणून माझे स्पष्ट मत असे की ज्या कागदावर दुखणे कधी सुरू झाले आणि रक्त किती वाजता काढले या दोन वेळा लिहिलेल्या नाहीत, तो कागद हृदयविकाराच्या निदानासाठी अपुरा समजावा. डॉक्टरांनी चिठ्ठीवर या वेळा लिहाव्यात, लॅबने त्या रिपोर्टवर छापाव्यात आणि नातेवाइकांनी त्या विचाराव्यात. याला एक पैसाही जास्त लागत नाही.

वाढ दिसली तरी घाई नको

नॉर्मल आकडा जसा फसवतो तसा वाढलेला आकडाही फसवू शकतो. एसजीओटी यकृताच्या विकारात, काविळीत वाढते. रक्ताचा नमुना काढताना किंवा नेताना तांबड्या पेशी फुटल्या तर एलडीएच वाढलेले दिसते. दिवसभर ऊसतोड केली, मोठी पडझड झाली, फिट आली, विजेचा धक्का बसला, तरी सीपीके वाढते.

आणि आपल्याकडे एक खास कारण आहे, ते म्हणजे कमरेवरचे इंजेक्शन. छातीत दुखते म्हणून वाटेतल्या दवाखान्यात दुखणे थांबवणारे इंजेक्शन स्नायूत टोचून घ्यायचे आणि मग मोठ्या डॉक्टरांकडे जायचे, ही पद्धत फार रुळलेली आहे. त्या टोचण्याने स्नायूला इजा होऊन सीपीके वाढते आणि निदानाचा घोळ होतो. शिवाय पुढे खरोखर झटका निघाला आणि गुठळी विरघळवणारे औषध द्यावे लागले, तर त्या टोचलेल्या जागी रक्तस्राव होण्याचा धोका असतो. छातीत दुखत असताना कमरेवर इंजेक्शनचा आग्रह धरू नये आणि डॉक्टरांनीही तो पुरवू नये.

आणखी एक बाब. सीपीके-एमबी मोजण्याच्या स्वस्त पद्धतीत एमबी प्रत्यक्ष मोजत नाहीत, इतर भाग रसायनाने दाबून उरलेल्या कामावरून हिशेब करतात. काही व्यक्तींच्या रक्तात या हिशेबाला चकवणारे वेगळे घटक असतात. मग एमबीचा आकडा एकूण सीपीकेच्या जवळपास किंवा त्याहूनही जास्त येतो. भागाकार संपूर्णापेक्षा मोठा कसा असेल? असा कागद हाती आला तर घाबरून न जाता तो डॉक्टरांना दाखवून तपासणी दुसऱ्या पद्धतीने करून घ्यावी.

ट्रोपोनिन आले, तरी नियम तोच

अलीकडच्या काळात या जुन्या विकरांची जागा ट्रोपोनिनने घेतली आहे. ट्रोपोनिन हे विकर नव्हे. स्नायूच्या आकुंचनाचे नियंत्रण करणारे ते प्रथिन आहे, आणि हृदयातले ट्रोपोनिन हे हातापायांच्या स्नायूंतल्या ट्रोपोनिनपेक्षा वेगळे ओळखता येते. १९८० नंतरच्या दशकात त्याची तपासणी शक्य झाली. २००० साली युरोप आणि अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी झटक्याच्या व्याख्येत त्याला पहिले स्थान दिले. २०१५ साली अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनेने तर झटक्याच्या निदानासाठी सीपीके-एमबी मागवूच नका, असे सांगितले. ट्रोपोनिन हृदयाबाबत अधिक अचूक आहे, आणि ते आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ वाढलेले राहत असल्याने उशिरा आलेला रुग्णही सापडतो.

पण ट्रोपोनिन म्हणजे जादूची कांडी नव्हे. साध्या तपासणीत तेही तीन ते सहा तासांनीच दिसू लागते. गावोगावच्या लॅबमध्ये रक्ताचा थेंब टाकून रेघ पाहण्याचे जे कार्ड मिळते ते फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ सांगते आणि थोडी वाढ त्याच्या नजरेतून सुटते. मोठ्या शहरांतल्या अतिसंवेदनशील यंत्रांवर एक ते तीन तासांच्या अंतराने दोन नमुने तपासून निर्णय घेता येतो. पण तेथेही दुखणे नुकतेच सुरू झाले असेल तर एकाच नमुन्यावर रुग्णाला घरी पाठवत नाहीत. पाहायचे असते ते आकड्याचे चढणे किंवा उतरणे. २०१८ च्या जागतिक व्याख्येतही हेच सांगितले आहे. एक आकडा म्हणजे एक छायाचित्र. गाडी येते आहे की जाते आहे, हे त्यावरून कळत नाही, त्यासाठी दोन छायाचित्रे लागतात.

शिवाय ट्रोपोनिन हृदयाला इजा झाली एवढेच सांगते, का झाली ते सांगत नाही. मूत्रपिंडाचा जुना विकार, हृदयाच्या स्नायूची सूज, फुप्फुसातली गुठळी, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, या सर्वांत ते वाढू शकते. आपल्या कोकणात तर लाल विंचवाच्या दंशानेही हृदयाच्या स्नायूला इजा होते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशाने हृदयावर होणाऱ्या परिणामांविषयी १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले. म्हणजे कागदावरचा आकडा रुग्णाच्या हकिकतीशी आणि कार्डिओग्रामशी जोडूनच वाचावा लागतो.

कार्डिओग्राम आधी, रक्त मागून

याच कारणासाठी छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा कार्डिओग्राम दवाखान्यात पाऊल ठेवल्यापासून दहा मिनिटांच्या आत काढावा, असा आज सर्वमान्य दंडक आहे. त्यात मोठ्या झटक्याच्या खुणा स्पष्ट दिसल्या तर रक्ताच्या रिपोर्टची वाट पाहायचीच नसते. त्या घडीला गुठळी विरघळवणारे इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी यांची तयारी करायची असते. हे उपचार पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त गुण देतात आणि बारा तासांनंतर त्यांचा उपयोग बराच घटतो. ‘आधी रक्ताचा रिपोर्ट येऊ द्या, मग तालुक्याला हलवू’ असे म्हणणारे नातेवाईक नकळत रुग्णाच्या हृदयाचाच तुकडा गमावत असतात. कार्डिओग्राम साधा निघाला आणि लक्षणे मात्र संशयास्पद असली तर तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढावा लागतो. रक्ताच्या तपासणीचे खरे काम या अशा शंकेच्या रुग्णांत आहे.

दुसरी तपासणी आणि कमिशनची शंका

येथे एका नाजूक विषयाकडे वळतो. डॉक्टरांनी ‘तीन तासांनी पुन्हा रक्त तपासू, तोवर येथेच थांबा’ असे सांगितले की नातेवाइकांच्या कपाळावर आठी पडते. ‘एकदा नॉर्मल आले ना? मग पुन्हा कशाला? पैसे काढायचे धंदे!’ असे बोल बाहेरच्या बाकावर ऐकू येतात. मला या मंडळींचा राग येत नाही. ही शंका आकाशातून पडलेली नाही, ती आमच्याच व्यवसायाने पेरली आहे.

धडधाकट माणसाला ‘संपूर्ण तपासणी’च्या नावाखाली पन्नास-साठ तपासण्यांचे पॅकेज विकले जाते आणि त्यात सीपीके, एलडीएच हेही घुसवलेले असतात. ही विकरे पुढे झटका येणार की नाही हे सांगत नाहीत, ती झालेल्या इजेची खूण आहेत. ज्याला छातीत काही होत नाही, त्याने ती तपासून काय साधणार? त्यापेक्षा रक्तदाब मोजावा, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासावे, तंबाखू-विडी सोडावी. पॅकेजमधला एखादा आकडा जरा वाढलेला दिसला, की बिचारा माणूस महिनाभर काळजीने झुरतो आणि आणखी चार तपासण्या करतो. अशा अनुभवानंतर लोकांनी खऱ्या गरजेच्या दुसऱ्या तपासणीवर विश्वास ठेवावा, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

तेव्हा माझे म्हणणे दोन्ही बाजूंना आहे. लॅबवाल्यांनी आणि डॉक्टरांनी निरोगी माणसांच्या पॅकेजमधून ही विकरे काढून टाकावीत, आणि झटक्याच्या संशयात एसजीओटी, एलडीएच मागवणे आता थांबवावे. त्याऐवजी तालुक्याच्या ठिकाणी निदान एक लॅब अशी असावी की जेथे रात्री-अपरात्री ट्रोपोनिन होऊ शकेल. झटके पहाटेपासून दुपारपर्यंतच्या वेळात जास्त येतात, हे सिद्ध झालेले आहे, आणि आपल्या बहुतेक लॅब त्यातला निम्मा वेळ कुलूपबंद असतात. जेथे ट्रोपोनिनची सोय नाही तेथे सीपीके-एमबी चालेल, पण तेही दोनदा. आणि रुग्णाच्या बाजूने एवढेच मागणे, की छातीच्या दुखण्यात दुसरा नमुना मागितला तर तो खर्च वाया गेला असे समजू नका. पॅकेजवर उधळलेल्या पैशांच्या मानाने तो थोडा असतो आणि त्याने जीव वाचू शकतो.

वाचकांनी ध्यानात ठेवावे

छातीच्या मध्यभागी दडपण, दुखणे डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, दरदरून घाम, दम लागणे, अकारण गळून जाणे, यांपैकी काहीही पंधरा-वीस मिनिटांत थांबले नाही तर ते पित्त किंवा गॅस म्हणून सोडू नये. स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांच्यात दुखणे फारसे नसतानाही झटका येऊ शकतो. घरातल्या बाईमाणसाचे दुखणे ‘तिला नेहमीच पित्त होते’ म्हणून उडवून लावू नये.

घड्याळ पाहून दुखणे सुरू झाल्याची वेळ कागदावर लिहावी. रुग्णाला चालवू नये, मोटारसायकलवर मधे बसवून नेऊ नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. अॅस्पिरिनची अॅलर्जी नसेल आणि रक्तस्रावाचा त्रास नसेल तर डॉक्टरांना फोनवर विचारून साधारण ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला द्यावी. जेथे कार्डिओग्राम निघतो तेथेच थेट जावे.

आणि पहिला रिपोर्ट नॉर्मल आला तर आनंद जरूर मानावा, पण उठून घरी जाण्यापूर्वी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारावेत. दुखणे सुरू झाल्यानंतर किती तासांनी हे रक्त काढले? आणि पुन्हा कधी काढायचे? समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत बाक सोडू नये. एका रात्रीची झोप गेली तर दुसऱ्या दिवशी भरून काढता येते, हृदयाचा मेलेला स्नायू मात्र कोणत्याही औषधाने परत येत नाही.